लाइव्ह एज डायनिंग टेबल: फणसाच्या फळ्या, मधे रेझिनची नदी. बेळगावच्या हवेत टिकेल का?

टिळकवाडीकर
नमस्कार मंडळी. घराचं काम शेवटाला आलंय. डायनिंगला सनमायकाचं चौकोनी टेबल नको आहे. झाडाच्या मूळ कडा तशाच ठेवलेलं, मधून निळ्या रेझिनची (ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं प्लॅस्टिक) नदी गेलेलं टेबल करायचं ठरवलंय. माप ७ फूट बाय साडेतीन फूट, बसणार आठ माणसं. नदीला मलप्रभेसारखी वळणं हवीत. खानापूर भागात फणसाच्या दोन फळ्या बघून ठेवल्यात, दोन इंची, कापून आठ महिने झालेत. खोली पश्चिमेची, खिडकी मोठी, मजला पहिला. काम करणारा म्हणतोय, जुलैत ओतकाम उरकून गणपतीच्या आधी टेबल देतो. खर्च बराच आहे, म्हणून आधीच विचारून घेतो. लाकूड, रेझिन, पाय, पॉलिश, जे माहीत असेल ते मोकळेपणानं सांगा की.

रंधा_पटाशी
गणपतीच्या आधी हे डोक्यातून काढा. पुढच्या दिवाळीनंतर धरा.

रेझिनचा ब्रँड, रंग, डिझाइन ही सगळी नंतरची गोष्ट. असं टेबल बिघडतं ते लाकडातल्या पाण्यामुळे. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, लांबीला जवळजवळ हलत नाही. सागाचा हिशेब सांगतो: ओलावा १ टक्का बदलला की आडव्या रेषेच्या (झाडाची वलयं रुंदीला आडवी आलेल्या) फळीची रुंदी साधारण ०.१८ टक्के बदलते. आपल्याकडे जुलैत सलग पाऊस असताना आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत घरातल्या लाकडाच्या ओलाव्यात ६ टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणजे एक मीटर रुंदीला ११ मिमी. बुंध्याच्या मध्यातून कापलेली उभ्या रेषेची फळी असेल तर जवळपास त्याच्या निम्मं. साग तर हलण्याच्या बाबतीत शहाणं लाकूड समजलं जातं, तरी ही गत.

रेझिन असं हलत नाही. ओल्या फळ्यांमधे नदी ओतली की पहिल्याच उन्हाळ्यात फळी आकसते आणि जोडावर केसाएवढी फट दिसते. फट नाही पडली तर फळीच तडकते, नाहीतर टेबलाला वाटीसारखा बाक येतो.

हवेत वाळवायचा जुना हिशेब इंचाला एक वर्ष असा आहे. दोन इंची फळीला आठ महिने म्हणजे वरचा पापुद्रा वाळलाय, आत ओलच असणार. त्यात खानापूर, जांबोटीकडचे पावसाळ्याचे महिने वाळवणीत धरूच नका. पिनांचा मॉइश्चर मीटर वरवर टोचून १२ दाखवेल, त्यावर जाऊ नका. फळीच्या टोकापासून फूटभर आतून दोन इंचांचा आडवा तुकडा कापून घ्या. लगेच वजन करा. मग १०३ अंशाच्या ओव्हनमध्ये वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. २३६ ग्रॅमचा तुकडा २०० वर थांबला, तर ३६ भागिले २००, म्हणजे १८ टक्के ओलावा. १० ते १२ च्या आत आल्याशिवाय कामाला हात लावू नये. घाई असेल तर भट्टीत वाळवून घ्या, पण दोन इंची लाकूड भट्टीतही घाईनं वाळवलं की आतून भेगाळतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

रचून ठेवण्यात बरेच जण गडबड करतात. फळ्यांमधे पाऊण ते एक इंचाच्या कोरड्या पट्ट्या, दर दीड फुटाला, आणि वरच्या पट्ट्या खालच्या पट्ट्यांच्या बरोबर रेषेत. पट्टी सरकली की फळी तिथं वाकते. दोन्ही टोकांना ऑइलपेंट किंवा मेण, कारण टोकाकडून पाणी सगळ्यात जलद उडतं आणि तिथूनच चीर सुरू होते. वर वजन ठेवा. छप्पर हवं, भिंती नकोत.

वखारीतला
वरचं सगळं बरोबर. फळी बघून ठेवलीय म्हणालात, तर पुन्हा जाऊन तीन गोष्टी बघा.

पहिली, पांढरं लाकूड किती आहे. फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ आहे, पण सालीलगतचा फिकट भाग किड्याचं खाद्य. लाइव्ह एज टेबलात नेमका तोच भाग कडेला दिसायला राहतो. कडेखाली बारीक पिठासारखा भुसा पडलेला असेल तर किडा आत चालू आहे समजा. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाण्यातलं द्रावण दोन-तीन हात मारतात, पण ते रंधा मारण्याआधी, कच्च्या लाकडावर. पॉलिशवरून मारलं तर आत जात नाही. भट्टीत वाळवलं तर उष्णतेनं आतला किडाही मरतो, हा भट्टीचा फायदा.

दुसरी, बुंध्याच्या अगदी मधली मऊ नळी फळीत आलीय का. आली असेल तर तिथं चीर ठरलेली, कितीही वाळवा.

तिसरी, साल. सालीसकट टेबल करू नका. ती सुटणारच, आणि रेझिन ओतताना सालीतली हवा बुडबुडे काढत राहते. बोथट पटाशीनं साल काढा, मग तारेच्या ब्रशनं घासा. कडेचे उंचवटे तसेच राहतात.

कागद विसरू नका. वन खात्याच्या डेपोतला साग घेतला तर हॅमरचा (खात्याच्या हातोड्याचा) शिक्का, बिल आणि वाहतूक परवाना तिन्ही हवेत. चंदगड, सावंतवाडीकडून हद्द ओलांडून माल आणायचा असेल तर जातीप्रमाणे नियम वेगळा, गाडी भरायच्या आधी वन खात्याच्या रेंज ऑफिसात विचारा. शिसवीच्या मागे कुणी लावलं तर आधी कागद मागा.

आणखी एक वाट आहे. जुने वाडे उतरवतात त्यातल्या सागवानी तुळया. कित्येक दशकं वाळलेलं लाकूड, हलायचं तेवढं हलून झालेलं. नैसर्गिक कड मिळत नाही, पण रुंद फळ्या जोडून झकास टेबल होतं. करवतीला देण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवा. आत मोडलेला एक खिळा असला तरी पातं जातं.

कृष्णाकाठ_अथणी
आमच्याकडे पाऊस नावालाच. इथंही एवढं वाळवायला लागतं का?

रंधा_पटाशी
@कृष्णाकाठ_अथणी, तुमच्याकडे लवकर वाळतं एवढंच, वाळवायला लागतंच. तुमच्यासाठी धोका उलटा आहे. जांबोटीत किंवा कोकणात तयार झालेलं टेबल अथणीला नेलं की ते तिथं जाऊन आकसतं. ज्या खोलीत राहणार त्या खोलीत फळ्या शेवटचे तीन-चार आठवडे पट्ट्यांवर ठेवा, मग काम सुरू करा.

थेंबथेंब
रेझिनवर मी बोलतो. निळ्या नदीला मलप्रभा म्हणायचं असेल तर रंगाचा पुन्हा विचार करा. पावसाळ्यात ती दुधाच्या चहासारखी तांबूस वाहते. 🙂 गंमत सोडा, गडद तपकिरी किंवा धुरकट काळा रंग फणसाच्या पिवळ्याजवळ निळ्यापेक्षा जास्त उठतो. आणि फणस उजेडात हळूहळू मधासारखा, पुढं तपकिरी होत जातो. आज पिवळ्याशी जुळवलेला निळा दोन वर्षांनी विजोड दिसेल.

मात्रा अशी काढा: नदीची रुंदी दर २० सेंमीला मोजून सरासरी काढा. लांबी २१३, सरासरी रुंदी १८, खोली ५ धरली तर १९,१७० घन सेंमी, म्हणजे १९ लिटरच्या वर. भेगा, गाठी, गळती यांना १० टक्के जास्त, एकूण २१ लिटर. रेझिनची घनता १.१ च्या आसपास, म्हणजे सुमारे २३ किलो. प्रमाण वजनाने २ ला १ असेल तर १५.४ किलो रेझिन, ७.७ किलो हार्डनर (रेझिन घट्ट करणारं द्रव्य).

इथंच सगळ्यात जास्त कामं फसतात. डब्यावर प्रमाण वजनाचं दिलंय की मापाचं, हे वाचतच नाहीत. हार्डनर हलका असतो, त्यामुळे दोन्ही प्रमाणं एक नसतात. चुकलं की टेबल महिनाभर चिकट राहतं आणि "थोडा जास्त हार्डनर घातला की लवकर सेट होतं" हा समज तर पूर्ण चूक. जास्तीचा हार्डनर तसाच आत मऊ राहतो. काट्यावर वजन करा, हळू हलवा, बादलीच्या कडा आणि तळ खरवडून घ्या, मग दुसऱ्या स्वच्छ बादलीत ओतून पुन्हा हलवा. पहिल्या बादलीच्या कडेला राहिलेलं न मिसळलेलं रेझिन कधीही खरवडून नदीत टाकू नका.

ओतायचं रेझिन खोल ओतकामाचंच घ्या. वरून चकाकीसाठी लावायचं रेझिन काही मिमीच्या थराचं असतं. ते दोन इंच ओतलं तर उष्णता बाहेर पडत नाही, पिवळं पडतं, तडकतं, धूरही येतो. खोल ओतकामाचंही एका वेळी किती जाड चालतं हे माहितीपत्रकात असतं. एवढ्या मोठ्या नदीला दोन थर करणं बरं. पहिला थर घट्ट झालाय, बोट लावलं तर ठसा उमटतो पण रेझिन बोटाला येत नाही, त्या वेळी दुसरा ओता. वेळ टळली तर पूर्ण कडक होऊ द्या, ८० नंबरचा सँडपेपर मारा, मग ओता.

ओतण्याआधी फळीच्या आतल्या कडांना त्याच रेझिनचा पातळ हात ब्रशनं मारून ठेवा, नाहीतर लाकडाच्या छिद्रांतली हवा रात्रभर बुडबुडे सोडते. साग असेल तर त्याआधी अ‍ॅसिटोननं पुसा, त्याचं तेल जोड धरू देत नाही. साचा मेलामाइनच्या प्लायचा, आतून ब्राऊन पॅकिंग टेप, सांध्यांना सिलिकॉन. फळ्यांवर शिकंजे आवळा, लाकूड रेझिनमध्ये तरंगतं. साचा लेव्हलनं तपासा, नाहीतर एका टोकाला नदी उथळ होते.

जुलैत का नको? हवेत ओलावा भरपूर असला की वर तेलकट, धुरकट थर येतो. तो कोमट साबणाच्या पाण्यानं धुता येतो, पण दिसला नाही आणि त्यावर दुसरा थर गेला तर पुढं पापुद्रा सुटतो. एप्रिलमध्ये ३५ अंशांत उलट, फार भराभर तापतं. बेळगावात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, रात्री खोली २० अंशाखाली जाऊ देऊ नका.

टिळकवाडीकर
बापरे. म्हणजे काम करणाऱ्यानं मला यातलं काहीच विचारलं नाही. पश्चिमेची खिडकी अडचण आहे का?

आराखडा
आहे. रेझिन उन्हानं पिवळं पडतं. त्यात मिसळलेली संरक्षक द्रव्यं पिवळेपणा लांबवतात, थांबवत नाहीत. निळ्यात पिवळा मिसळला की काय रंग होतो ते सांगायला नको.

मी रेझिनच्या विरोधात मत देतो. मधे काच बसवा. नदीच्या टेबलांचा हा प्रकार सुरुवातीला गाजला तो काच बसवूनच, रेझिनची लाट नंतरची. आपल्या हवेत काच जास्त सोयीची, कारण ती लाकडाला चिकटत नाही आणि लाकूड मोकळं हलतं.

करायचं असं: दोन्ही फळ्यांच्या आतल्या कडेला राऊटरनं (लाकूड कोरायचं यंत्र) १२ मिमी रुंदीची पायरी. खोली काचेची जाडी अधिक खालच्या सिलिकॉनच्या पारदर्शक ठिपक्यांची जाडी. काच १० मिमी टफन्ड (भट्टीत तापवून मजबूत केलेली). टफन केल्यावर काच कापता येत नाही, घासताही येत नाही, म्हणून आधी ६ मिमी एमडीएफचा साचा कापून जागेवर बसवून बघायचा, मगच काचवाल्याला द्यायचा. बाजूनं ३ ते ४ मिमी फट सोडा. आत वळणारे तीक्ष्ण कोपरे काचेला नकोत, भट्टीत तिथंच फुटते, वळण मोठ्या त्रिज्येचं ठेवा. म्हणजे मलप्रभेची सगळी वळणं मिळणार नाहीत, तीन-चार मिळतील.

चिरांबद्दलही एक. चीर दिसली की लोक रेझिननं बुजवतात. जॉर्ज नाकाशिमा यानं हीच चीर टेबलाची शोभा केली. हा अमेरिकन-जपानी वास्तुविशारद १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अँटोनिन रेमंड यांच्या वतीनं पाँडिचेरीत अरविंद आश्रमाच्या गोलकोंड इमारतीच्या कामावर होता, तिथलं सागवानी फर्निचरही त्यानं आखलं. पुढं अमेरिकेत त्याची नैसर्गिक कडांची टेबलं प्रसिद्ध झाली. त्यांत चीर तशीच ठेवून तिच्यावर आडवी फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर बसवलेली असते. तुम्हाला करायची तर ४५ मिमी फळीत पाचर २० मिमी खोल, तिच्या रेषा चिरेला काटकोनात, आणि पाचरीचं लाकूड फळीपेक्षा कठीण आणि पूर्ण कोरडं. चीर जिथं संपते तिथून दोन-तीन इंच अलीकडे पहिली पाचर.

थेंबथेंब
@आराखडा, काचेत भाताची शितं आणि आमटी त्या ४ मिमी फटीत जाते, ते कोण काढणार? रोजच्या जेवणाच्या टेबलाला रेझिनच बरं. दिवाणखान्याच्या सेंटर टेबलाला काच.

आराखडा
काच ठिपक्यांवर ठेवलेली असते, चिकटवलेली नसते. दोन सक्शन कपांनी उचलायची आणि पुसायची. आणि गरम कुकर टेकला तर काय होतं ते तुम्हीच सांगा.

थेंबथेंब
ते मान्य. बहुतेक ओतीव रेझिन ५०-६० अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं. कढईखाली लाकडी पाट नसेल तर गोल ठसा उठतोच.

उद्यमबाग_फिटर
पायांवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बेळगावात फाउंड्र्या आहेत म्हणून बिडाचे ओतीव पाय करावेत असं बऱ्याच जणांना वाटतं. एका टेबलासाठी पॅटर्नचाच (ओतकामाच्या नमुन्याचा) खर्च अंगावर येतो, त्यापेक्षा एमएसचं (साध्या पोलादाचं) फॅब्रिकेशन करा. ७५ बाय ७५ चा, ३ मिमी जाडीचा चौकोनी पाइप, दोन चौकटी, वर ८ मिमी फ्लॅट. टेबलाची उंची ७५० हवी आणि फळी ४५ ची असेल तर पाय ७०५. गुडघ्यांना खाली किमान ६२० मोकळं राहील असं बघा. फ्लॅटला सलग वेल्डिंग मारू नका, वाकतो. तुकड्यांत मारा, गार झाल्यावर सरळपट्टी लावून बघा. चौकट पिळलेली असेल तर ती फळीलाही पिळते.

फळीच्या पोटात तीन आडवे सी चॅनेल (इंग्रजी सी आकाराच्या लोखंडी पट्ट्या) खोबणीत बसवा, खोबण दोन्ही टोकांना ५ मिमी जास्त लांब. सगळी भोकं गोल करू नका, हेच मुख्य. एम८ बोल्टला मधलं भोक गोल, बाकीची ९ बाय १६ ची लांबट, लांबी रुंदीच्या दिशेनं, खाली मोठं वॉशर. लाकडात पितळी किंवा स्टीलचे थ्रेडेड इन्सर्ट (आतून आटे असलेल्या नळ्या). थेट लाकडात स्क्रू घातला तर दोनदा खोलल्यावर पकड जाते. काचेचा प्रकार केलात तर मात्र घट्ट भोक प्रत्येक फळीच्या नदीकडच्या बाजूला घ्या आणि लांबट भोकं बाहेर. म्हणजे फळी बाहेरच्या बाजूला फुगेल, काचेवर येणार नाही.

उघडं लोखंड लाकडाला टेकू देऊ नका. ओल आली की लाकडातल्या टॅनिनशी मिळून काळा डाग पडतो आणि तो आतपर्यंत जातो. पावडर कोटिंग करून घ्या.

रंधा_पटाशी
उद्यमबागवाल्यांनी भोकांचं लिहिलं ते छापून भिंतीवर लावा.

सपाटीबद्दल: राऊटर फळीवरून सरकणाऱ्या गाडीवर बसवून, एका वेळी १ ते २ मिमीच काढायचं, थोडं वरून, थोडं खालून. एकाच बाजूनं सगळं उतरवलं की आतली ओल एका अंगानं उघडी पडते आणि फळी रात्रीत वाकते. दोन इंची फळी ४० ते ४५ मिमीवर येते. सपाट झाल्यावर पंधरा दिवस ठेवून पुन्हा तपासा.

लाखेचा_डबा
पॉलिश. खालच्या बाजूलाही तेवढेच हात, जेवढे वर. खालून कोरं ठेवलं की पावसाळ्यात खालचं अंग पाणी पितं, वरचं पीत नाही, टेबल कडांकडून वर उचलतं. बरेच कारागीर खालचं सोडतात.

हार्डवॅक्स ऑइल (तेल आणि मेणाचं पॉलिश) सगळ्यात सोयीचं. लाकूड ८०, १२०, १८०, फार तर २२० पर्यंत घासा, त्यापुढं गुळगुळीत केलं तर तेल आत शिरत नाही. रेझिनच्या भागावर मात्र ओरखडे दिसतात, तिथं ३२०-४०० पर्यंत जा. पातळ हात, दहा-पंधरा मिनिटांत जास्तीचं पुसून काढा, दुसरा हात दुसऱ्या दिवशी. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा. पीयू (पॉलीयुरेथेनचं पॉलिश) जास्त पाणी अडवतं, पण पावसाळी हवेत मारलं तर पांढरट पडतं, आणि एका जागी खरवडलं तर सगळं टेबल पुन्हा घासायला लागतं. तेलाच्या टेबलाला तेवढ्याच भागाला हात मारता येतो.

हळदीचा डाग पडला तर घासत बसू नका. पुसा आणि तो भाग दोन-चार दिवस उन्हाच्या कवडशात राहू द्या. हळदीचा रंग उन्हात उडतो. तुमची पश्चिमेची खिडकी एवढ्या कामाला चांगली आहे.

टिळकवाडीकर
फळ्या मी घेऊन ठेवतो, काम पुढच्या नोव्हेंबरात. काच की रेझिन यावर घरात मतदान चाललंय, आई काचेच्या बाजूला आहे. एक राहिलं: पहिल्या मजल्यावर चढवायचं कसं? जिना दोन टप्प्यांचा, वळणावर साडेतीन फुटांचा चौक.

उद्यमबाग_फिटर
वजन काढा आधी. लाकडाचा भाग २.१३ बाय ०.८५ बाय ०.०४५, म्हणजे ०.०८ घनमीटर. फणस ६०० किलो धरला तर ५० किलो. रेझिनची नदी १९-२० किलो. पाय वेगळे ३५-४०. चौघांना उचलायला जड नाही, पण रेझिनचं टेबल एकसंध असतं. सात फुटी फळा कडेवर उभा धरून साडेतीन फुटांच्या चौकात फिरवायचा तर जिन्याच्या वरच्या टप्प्याची छतापर्यंतची उंची मोजायला लागेल. पुठ्ठ्याचा किंवा थर्माकोलचा त्याच मापाचा तुकडा घेऊन जिन्यातून नेऊन बघा. बसला नाही तर गॅलरीतून दोरानं.

काचेचं असेल तर प्रश्नच नाही. दोन फळ्या वेगळ्या जातात, काच वेगळी, पाय वेगळे. वर गेल्यावर बारा बोल्ट आवळायचे. आईंचं मत पकडा.